पैदाशीचा बोकड



शिरूर आणि दौंड या तालुक्यांना घोड आणि भीमा या नद्यांचे सान्निध्य लाभले असले, तरी पाटाचे पाणी पोहोचले तेथवर ऊस आणि त्यापलीकडे माळरान, अशीच या मुलखाची विभागणी झालेली आहे. आणि त्या माळावर बाभळीच्या शेंगा व बोरीचा पाला यांवर गुजराण करून अल्पभूधारकाचा आणि भूमिहीन मजुराचा प्रपंच जर कोणी सावरून धरला असेल, तर तो शेळीने. मुलांची फी, दवाखान्याचा खर्च, खरिपाचे बियाणे यांची तजवीज बहुधा दावणीच्या करडांतूनच होते. म्हणून त्या करडांचा बाप कसा असावा, याविषयी आज मी चार गोष्टी सांगणार आहे.

आपल्याकडील रिवाज असा की, करडे चार-सहा महिन्यांची झाली म्हणजे व्यापारी दारात येतो किंवा आपण भीमेपलीकडे काष्टीच्या बाजाराची वाट धरतो, आणि कळपातील सर्वांत भरदार, सर्वांत लवकर वाढलेला नर सर्वांच्या आधी विकला जातो. बकरी ईद जवळ आली की ही घाई अधिकच वाढते. मागे उरतो तो खुरटा, ज्याला गिऱ्हाईकच मिळाले नाही असा नर. आणि पुढे माजावर आलेल्या शेळ्यांना तोच लागतो. मांसासाठी शेळ्या पाळणाऱ्याने जो गुण वाढवावयाचा, तो जलद वाढीचा गुणच अशा रीतीने तो दर साल आपल्या हातांनी कळपाबाहेर घालवितो. पुढे करडे लहान निपजू लागली म्हणजे दोष चाऱ्याला आणि दुष्काळाला दिला जातो. तो काही अंशी खराही असतो, परंतु मुळाशी ही उलटी निवड असते.

एक शेळी वर्षाकाठी दोन-तीन करडे देईल. पंचवीस-तीस शेळ्यांमागे ठेवलेला एक बोकड मात्र त्याच मुदतीत पन्नास-साठ करडांचा बाप होतो. शेळीतील उणेपण तिच्या वेतापुरते राहते, बोकडाचे साऱ्या कळपात पसरते. ज्या भीमथडीच्या, म्हणजे याच भीमाकाठच्या, घोड्यांनी मराठ्यांच्या फौजेत लौकिक मिळविला, त्या भीमथडीला नराच्या निवडीचे महत्त्व नव्याने पटवून द्यावे लागू नये.

निवडीचा आरंभ तराजूने करावा. लिंबाच्या फांदीला ताणकाटा अडकवून गोणपाटाच्या झोळीत करडू तोलावे, आणि जन्माची तारीख, जन्मवजन व तिसऱ्या महिन्याचे वजन वहीत टिपावे. समजा, जन्मतः अडीच किलोचे करडू नव्वदाव्या दिवशी 13 किलो भरले, तर त्याची रोजची वाढ सुमारे 117 ग्रॅम झाली. परंतु येथे नजर फसू नये. एकुलते करडू आईचे सारे दूध पिते, जुळ्यांच्या वाट्याला अर्धेच येते. म्हणून एकुलत्याची तुलना एकुलत्याशी आणि जुळ्याची जुळ्याशी करावी, आणि वजन थोडे कमी असले तरी दुधाळ, वेतावेताला जुळी देणाऱ्या शेळीच्या पोटचा नर पसंत करावा.

मग अंगपरीक्षा करावी. तोंड उघडून पाहावे: शेळीच्या जातीला वरचे पुढचे दात नसतात, खालचे दात वरच्या हिरडीला नेमके भिडले पाहिजेत, नाहीतर त्याला पाला नीट ओरबाडता येत नाही. दोन्ही अंड वृषणकोशात उतरलेले, आकाराने सारखे व हाताला घट्ट लागणारे असावेत. एकच उतरलेला नर कितीही देखणा असला तरी तो कळपात ठेवू नये. त्याला कठीण जमिनीवर चालवून पाय सरळ पडतात की नाही ते पाहावे, कारण माळावर चरणारा आणि मागील पायांवर उभे राहून शेळीवर चढणारा प्राणी अधू पायाचा असून भागत नाही. आणखी एक खबरदारी अशी की, भुंड्या शेळ्यांना जन्मतः भुंडाच बोकड दाखविल्यास काही पाटी (मादी करडे) नर-मादी अशा मिश्र लक्षणांच्या, वांझ निपजतात. बोकड शिंगाचाच धरावा.

जातीविषयी थोडक्यात सांगतो. काळी उस्मानाबादी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. बहुधा पांढरी असणारी संगमनेरी नगर, नाशिक आणि पुणे या जिल्ह्यांचीच असून दूध व मांस अशा दोन्ही कामांची आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1993 साली परदेशातून गोठविलेले भ्रूण आणून आफ्रिकेच्या बोअर जातीची शेळी आपल्याकडे रुजविली. तिच्या संकराची वाढ जोमदार असते, मात्र ती अंगी दिसण्यास खुराकही तसाच लागतो. केवळ माळावर विसंबणाऱ्याने घरच्या जातीतील उत्तम नर निवडणे अधिक शहाणपणाचे.

नर कितीही उत्तम असला, तरी दोन वर्षांनी त्याच्या लेकी माजावर येतात, आणि बापलेकींचा संयोग झाला की रक्त जवळचे होऊन करडे अशक्त व मरतुकडी होऊ लागतात. यावर उपाय सहकाराचा आहे. एका गावातील बचत गटाने बोकड पाळावा आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्या तालुक्यातील गावाशी बदलून घ्यावा. शिरूरमधील मलठणचा दौंडमधील पाटसला जावा, पाटसचा मलठणला यावा. नोंदीची वही बोकडाबरोबरच जावी. कळपातले बाकीचे नर मात्र वेळीच खच्ची करावेत किंवा वेगळे बांधावेत, नाहीतर सारी निवड व्यर्थ होईल.

माझी विनंती एवढीच की, व्यापारी अंगणात येण्यापूर्वी वही काढून पहिला क्रमांक कोणत्या करडाचा हे ठरवावे, आणि कितीही भाव आला तरी ते विकू नये. गरजेच्या दिवसांत हे कठीण आहे, हे मी जाणतो. म्हणूनच ते एकट्याच्या निग्रहावर न सोडता, त्या करडाची बाजारभावाने किंमत गटाने मालकाला द्यावी आणि ते साऱ्या गावासाठी राखून ठेवावे.