मिठासाठीं घातलेलें काट्यांचें कुंपण
(एका वाचनालयांत दिलेलें भाषण)



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राजेरजवाडे उभे राहतात. आज मी एका कुंपणाची हकीकत सांगणार आहें. हें कुंपण कोणा बागाइतदाराचें नव्हे, खुद्द इंग्रज सरकारचें. आणि त्यानें हिंदुस्थान देश मधोमध तोडला होता.

कारण काय, तर मीठ. बंगाल व उत्तर हिंदुस्थानांत कंपनी सरकारनें मिठावर जबर कर बसविला होता. राजपुतान्यांत सांबर सरोवराचें मीठ स्वस्त, मुंबई इलाख्यांतही कर कमी. तेव्हां स्वस्त मीठ महागाच्या मुलखांत शिरणारच! पाणी उताराकडे धांवतें, त्यांत नवल तें काय? तें अडविण्यासाठीं १८४० नंतरच्या सालांत जकातीच्या चौक्यांची एक सलग रांग उभी राहिली. पुढें पुढें ती सिंधु नदीपासून थेट महानदीपर्यंत गेली. लांबी सुमारें २५०० मैल. १८७२ सालीं तिच्यावर १४ हजारांहून अधिक माणसें पहाऱ्याला होतीं.

एवढ्यानेंही मीठ अडेना, म्हणून काटेरी फांद्यांचे ढीग रचूं लागले. मैलभर कुंपणाला २५० टन काटेकुटे लागत. तेंही वाळवी खाई, वणव्यांत जळे, वावटळींत उडून जाई. मग १८६७ सालीं ह्या खात्यावर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे साहेब आले. त्यांनीं ठरविलें कीं वाळल्या काट्यांच्या जागीं जिवंत झाडेंच लावावीं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर! आपल्या बांधावरची ही सगळी गरीब मंडळी सरकारी नोकरींत दाखल झाली. जेथें जमीन पिकाऊ नव्हती तेथें दुसरीकडून माती आणून बांध घातला, त्यावर रोपें लावलीं. कुंपण चांगलें वाढलें तेथें १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट जाड झालें. माणूस जाईना कीं गुरूं जाईना. पंजाबांतील लेय्यापासून खानदेशाच्या शेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत, कोठें हिरवें, कोठें वाळलें, असें हें कुंपण १८७८ च्या सुमारास ११०० मैलांवर होतें. हेच ह्यूमसाहेब १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढें होते, हें शाळेंतलें पोरही सांगतें. कुंपणाचें मात्र तें नांवही काढीत नाहीं!

आतां हें अडवीत कोणाला होतें? श्रीमंताच्या ताटांत मीठ चिमूटभरच लागतें. उन्हांत राबणाऱ्याचा घाम मिठाचाच असतो, आणि त्याच्या भाकरीला दुसरें तोंडीलावणें नसतें. त्याच्या गुरांनाही मीठ हवें. कर मणावर होता, ऐपतीवर नव्हता. उत्तरेकडे तो मणाला ३ रुपये, खालच्या बंगालांत ३ रुपये ४ आणे. लोक कुंपणावरून गोणी फेकीत, रात्रीं जमावानें चालून जात. १८७७ च्या सप्टेंबरांत ११२ जणांच्या एका टोळीला दोन शिपायांनीं अडविलें, ते दोघेही ठार झाले. ते शिपाई तरी कोण? पोटासाठीं पहारा करणारीं आपल्यासारखींच माणसें!

१ एप्रिल १८७९ रोजीं ही रांग उठविली. सरकारला दया आली म्हणून नव्हे. राजपुतान्यांतील संस्थानांशीं करार करून सांबरचें मीठ सरकारनें आपल्याच हातांत घेतलें होतें. आणि दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे, ती नीट ऐका. मुंबई व मद्रास इलाख्यांत कर मणाला १ रुपया १३ आणे होता, तो १८७८ सालीं २ रुपये ८ आणे केला. उत्तरेचा थोडा उतरविला, आमचा चढविला. दोहोंतलें अंतर कमी झाल्यावर चोरट्या मिठांत नफा कितीसा राहणार, आणि कुंपण तरी कशाला हवें? सालाकडे लक्ष द्या. १८७६ पासून दक्षिणेंत दुष्काळानें माणसें मरत होतीं, त्यांतून वांचलेल्यांच्या भाकरीवरचें मीठ महाग झालें! करही १९४७ सालापर्यंत ह्या ना त्या रूपानें राहिला.

एवढें अजस्र कुंपण विस्मृतींत गेलें कसें? त्यानें कोणा राजाची स्वारी अडली असती तर बखरकारांनीं पानें भरलीं असतीं. अडली ती मिठाची गोणी. कुंपण लावणारे, राखणारे आणि ओलांडणारे कोणीच बखर लिहिणारे नव्हते. शंभरावर वर्षांनंतर रॉय मॉक्सहॅम नांवाच्या एका इंग्रज गृहस्थांच्या वाचनांत जुन्या पुस्तकांतील एक तळटीप आली. ते वेड्यासारखे नकाशे धुंडाळीत हिंदुस्थानांत आले. गांवोगांव विचारीत हिंडले, पण कोणाला ठाऊक नाहीं. रांगेवर कोठें रस्ते झाले होते, कोठें बांध नांगराखालीं गेले होते. अखेर १९९८ सालीं इटावा जिल्ह्यांत त्यांना एक जुना मातीचा बांध सांपडला. त्याच्यावर बाभळी आणि बोरी उभ्या होत्या.