तुकडा नेमका कुठे तोडायचा?

(नंदुरबार येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



व्याख्यानमालेत इतिहासावर, साहित्यावर, आरोग्यावर बोललं जातं. मी आज एक्सेलवर बोलणार आहे, आणि तेही त्यातल्या एका छोट्याशा कामावर. एका रकान्यात कोंबलेल्या मजकुरातून हवा तेवढाच तुकडा बाहेर कसा काढायचा, एवढाच माझा विषय. समोर शिक्षक बसले आहेत, ग्रामसेवक आहेत, पतसंस्थांचे सचिव आहेत. मार्चअखेर तुमची काय अवस्था होते हे मी वेगळं सांगायला नको. वरून यादी येते, “संध्याकाळपर्यंत तालुकानिहाय करून पाठवा” असा निरोप येतो, आणि तालुक्याचा रकाना त्या यादीत नसतोच.

मुख्य हत्यारं तीन आहेत. ‘लेफ्ट’ डावीकडून अक्षरं तोडतं, ‘राइट’ उजवीकडून, आणि ‘मिड’ मधूनच. मिडला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणता सेल, कितव्या अक्षरापासून, आणि किती अक्षरं. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या तक्ते करण्याच्या प्रोग्रॅममध्ये मिडची मोजणी शून्यापासून सुरू व्हायची, एक्सेलमध्ये ती एकापासून होते. एवढं कळलं की फॉर्म्युला लिहून खाली ओढणं पाच मिनिटांचं काम. अवघड आहे ते कुठे तोडायचं हे ठरवणं. शहाद्याकडचे शेतकरी उसाचं बेणं तोडताना कोयता डोळ्यावर पडू देत नाहीत. डोळा गेला तर ते टिपरू उगवतच नाही. आकड्यांचं आणि नावांचंही तसंच आहे.

शाळेचा यू-डायस क्रमांक घ्या. तो अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन गटाचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. महाराष्ट्र २७ आणि आपला जिल्हा ०१, म्हणून आपल्या प्रत्येक शाळेचा क्रमांक २७०१ने सुरू होतो. ए२ मध्ये क्रमांक असेल तर ‘मिड(ए२,५,२)’ म्हटलं की गट हातात. ज्यांनी हा क्रमांक बांधला त्यांनी सांधे ठेवूनच बांधला.

इथेही एक खोच आहे. मिडने काढलेला ‘०१’ हा मजकूर असतो, संख्या नसते. तुमच्या दुसऱ्या तक्त्यात तो नुसता १ असा संख्या म्हणून भरलेला असेल, तर दोन तक्ते जुळवणाऱ्या व्ही-लुकअपला ही दोन्ही एकच आहेत हे कळत नाही. अख्खा रकाना चूक दाखवणाऱ्या खुणांनी भरतो आणि आपण फॉर्म्युल्यावर डाफरत बसतो.

आता पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्यामागचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं, अनेक भाषा आणि अर्धवट पत्ते यांतून टपाल सुटावं म्हणून त्यांनी सहा अंक आणले. पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी करणारा टापू दाखवतात, शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय. नंदुरबारचा पिन ४२५४१२. मग ‘लेफ्ट(ए२,३)’ करून ४२५ काढला आणि म्हटलं, झाली आपल्या जिल्ह्याची यादी वेगळी, तर काय होईल? त्यात जळगाव शहरही येऊन बसेल, कारण त्याचा पिन ४२५००१ आहे. आणि ज्या धुळे जिल्ह्यातून आपण १ जुलै १९९८ला वेगळे झालो, त्या धुळे शहराचा पिन मात्र ४२४ने सुरू होतो. फॉर्म्युला अचूक, उत्तर चूक! टपालखात्याने अंक जोडले ते टपाल लवकर पोचावं म्हणून. जिल्हा कोणता हे सांगणं त्यांचं काम नव्हतं, आणि आपला जिल्हा तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

तिसरा क्रमांक आपल्याच मातीतला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बारा अंकांचा हा क्रमांक कसाही कापा, त्यातून गाव निघत नाही, जन्मसाल निघत नाही, जात निघत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. क्रमांकावरून माणूस वाचता येऊ नये म्हणून तो यदृच्छेने पाडला जातो. त्यातला बोलका म्हणावा असा अंक एकच, शेवटचा. तो आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. डच गणिती व्हेरहूफ यांनी १९६९ साली मांडलेल्या पद्धतीमुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर गफलत उघडी पडते. म्हणून आधारला फॉर्म्युला लावायचाच तर तो झाकण्यासाठी लावा. ‘राइट(ए२,४)’ने शेवटचे चार अंक घ्या आणि त्यांच्या आधी आठ फुल्या जोडा. सूचनाफलकावर लाभार्थ्यांची यादी डकवताना ही काळजी घ्यायलाच हवी. आधार क्रमांक असा जाहीर करायला २०१६च्या कायद्याने मनाई आहे.

आता ज्यात सगळेच अडकतात त्या नावांकडे येऊ. नाव तोडायला आपण ‘फाइंड’ने पहिली मोकळी जागा शोधतो आणि लेफ्टने तिच्या आधीपर्यंतचा भाग काढतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. म्हणजे एकाच मुलीच्या दोन नोंदींवर तोच फॉर्म्युला चालवला की एकीकडे ‘वळवी’ हे आडनाव निघेल, दुसरीकडे तिचं नाव. ज्यांच्या नोंदीत एकच शब्द आहे तिथे फाइंडला मोकळी जागा सापडत नाही, आणि सेलमध्ये चूक दाखवणारी खूण येते. पोर्टलवरून उचललेल्या यादीत तर दिसायला मोकळी, पण संगणकाच्या लेखी निराळीच अशी जागा असते. जादा मोकळ्या जागा काढणारं ‘ट्रिम’ तिला हात लावत नाही. ती क्रमांक १६०ची खूण ‘सब्स्टिट्यूट’ने बदलून घ्यावी लागते.

यादी मराठीत असली की आणखी एक पेच पडतो. ‘नंदुरबार’ या शब्दात आपण पाच अक्षरं मोजतो: नं, दु, र, बा, र. लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ला विचारा, ते आठ सांगतं. युनिकोडमध्ये अनुस्वार वेगळा, उकार वेगळा, काना वेगळा. ‘लेफ्ट’ने तीन अक्षरं मागितली की हाती येतं ‘नंद’, उकार मागेच राहतो. ‘नवापूर’चे उजवीकडचे दोन तुकडे मागा, प ला सोडून आलेला ऊकार आणि र मिळेल. ‘अक्कलकुवा’तली पहिली तीन मागा, पाय मोडलेला क घेऊन ‘अक्’ उभा राहील. संगणक इथे चुकत नाही. तो खुणा मोजतो, आपण अक्षरं मोजतो. म्हणून मराठी मजकूर आकडा मोजून तोडू नये. मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा आडवी रेघ शोधून तिथेच तोडावा.

हजारो ओळी असल्या की मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहावाच. ‘स्प्लिट’ने नाव शब्दाशब्दांत फोडता येतं, आणि किती शब्द निघाले तेही मोजता येतं. पण मॅक्रोला थांबायला शिकवा. तीन शब्द निघाले तर भर. एक, दोन किंवा चार निघाले तर ओळ पिवळी कर आणि पुढे जा, इतकंच सांगा. पिवळ्या ओळी माणसाने बघायच्या. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तीन शब्दांचा साचा सगळ्यांना बसत नाही: कुणाच्या नोंदीत वडिलांचं नाव नसतं, कुणाचं आडनाव शाळेत एक आणि आधार कार्डावर दुसरं. ‘पावरा’ या आदिवासी आडनावाला टायपिंगची चूक समजून ‘पवार’ करणारा मॅक्रो त्या मुलाची शिष्यवृत्ती अडकवू शकतो. मग दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात ते त्याच्या बापाला, रोजंदारी बुडवून.

तेव्हा चार गोष्टी सांगून थांबतो. मूळ रकाना कधीही पुसू नका. तुकडे शेजारच्या रकान्यात काढा. खाते क्रमांकाचा रकाना भरण्याआधी त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि पंधरा अंकांच्या पलीकडचे अंकही शून्य होतात. क्रमांक तोडण्याआधी तो कोणी आणि कशासाठी बांधला हे विचारा. आणि उद्या तुम्हीच अर्जाचा नमुना तयार करायला बसाल, तेव्हा नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पाडा, गाव, तालुका यांचे रकाने पहिल्यापासून वेगळे ठेवा. ज्याच्याकडे जे नाही तो रकाना कोरा सोडायची मुभाही द्या. भरतानाच जे वेगळं ठेवलं, ते पुढे कुणालाच तोडावं लागत नाही.