आईची दाढ आणि बाळाचे दात



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. परंतु मुले मोठ्याने वाचू लागली की त्यांची तोंडे शिक्षकाला दिसतात. पहिली-दुसरीतल्या कितीतरी मुलांच्या पुढच्या दातांचे काळे खुंट झालेले असतात. पालक म्हणतात, "गोळ्या-चॉकलेट फार खातो हो!" ते खरे, पण अर्धेच खरे. दात किडविणारे जंतू बाळ जन्मतः आणीत नाही. ते घरातल्या मोठ्यांच्या, बहुधा आईच्याच लाळेतून त्याच्या तोंडात जातात. घास चावून भरविणे, चमचा आधी आपण चाखणे, पडलेली चोखणी आपल्या तोंडात धरून साफ करणे ही सारी मायेचीच कामे आहेत. पण त्यांतून जंतूही जातात.

आपल्याकडे आई किडलेल्या दाढेत लवंग धरून वर्षे काढते. "मुलांच्या फीचे भागू द्या, मग माझे बघू," असे म्हणते. माझ्या मते तिची दाढ हा मुलांवरचाच खर्च समजावा व तो आधी करावा. बाळ पोटात असतानाही दातांवर उपचार करता येतात.

तहनीकच्या वेळी वडीलधारी व्यक्ती खजूर चावून बाळाच्या टाळूला लावते. धार्मिक बाबतीत बोलण्याचा माझा अधिकार नाही. एवढीच विनंती की, तोंडाने निरोगी असेल अशाच व्यक्तीला हे काम द्यावे. ओठावर पाणीदार पुळ्या आलेल्या माणसाने तान्ह्या बाळाचा मुका मुळीच घेऊ नये. नागिणीच्या जातीतल्या एका विषाणूमुळे या पुळ्या येतात. मोठ्यांच्या त्या आठ-दहा दिवसांत सुकतात. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाच्या मात्र त्या जिवावर बेतू शकतात.

मग एका थाळ्यात जेवायचेच नाही काय? अवश्य जेवावे! पुळ्या असणाऱ्याने त्या सुकेपर्यंत ताट, पेला व टॉवेल वेगळा ठेवला म्हणजे झाले. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरट फोड येऊन नेहमीसारखे 'तोंड येते', ते सहसा एकाचे दुसऱ्यास लागत नाही. त्यासाठी सासूबाईंचे ताट बाजूला काढून त्यांचे मन दुखवू नये.

ब्रश मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रशवाटे 'ब' प्रकारची कावीळसुद्धा पसरू शकते. मिसवाकलाही हाच नियम. एकाच पेल्यात पाच ब्रश डोकी टेकवून उभे असतात, तेही बरे नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, माठावरचा पेला घरात सर्वांचाच असतो. पाणी वरून प्यायला आजीने शिकविले असेलच. नसेल तर आज घरी जाऊन तिच्याकडून शिकून घ्या. सुरुवातीला सदऱ्यावर थोडे सांडेल, त्याला हरकत नाही.