गव्हाणीतला जन्म



भर वैशाखात आम्ही नाताळवर बोलत आहोत, याचे कुणाला हसू येईल. पण नगरला हा सण परका नाही. अमेरिकन मराठी मिशन येथे १८३१ साली आले; १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येथे राहून ख्रिस्ताला अभंगात आणले. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा. अर्थ एवढाच, की जन्म.

तो कसा झाला? लूकच्या शुभवर्तमानात रोमन बादशहा नावनिशीचा हुकूम काढतो. गरोदर मरीया योसेफाबरोबर बेथलेहेमला जाते. उतारशाळेत जागा नाही, म्हणून मूल गव्हाणीत निजवतात. कृष्ण जन्मला तेव्हा तुरुंगाची कुलुपे आपोआप गळाली. येथे एकही दार उघडले नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, हा देवच होता. गरिबाला वरून दान टाकायला तो आला नाही, गरिबाचे अंग घेऊन आला. बातमीही प्रथम कळली ती रात्रपाळीच्या मेंढपाळांना! आम्ही चर्चचे सभासद नाही. पण हे वाचले आणि पुस्तक मिटून बसून राहिलो.

कारण नाताळ ऐन गळितात येतो. पाथर्डी-शेवगावच्या टोळ्या तेव्हा फडावर असतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, म्हणून दिवस भरलेली बाईही मोळी वाहते आणि कोपीतच बाळंत होते. असे एक बाळ आम्ही पाहिले, वाढ्यांच्या पेंढ्यांशेजारी निजलेले. बाप म्हणाला, “आज अर्धाच कोयता चालला. मुकादम खाडा धरील.”

त्याने तो धरला. तो खाडा परत मिळावा म्हणून आमचे भांडण अजून चालू आहे.