डोळ्यात पाचट गेलं तर



बारामती-इंदापूर भागात साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की आपल्या पारधी वस्तीवरची बरीच माणसं ऊसतोडीला लागतात. दिवसभर पाचट आणि धूळ, संध्याकाळी कोपीत चुलीचा धूर. डोळे चुरचुरणारच.

त्यावर घरी एवढंच करा. आधी हात साबणाने धुवा. उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुवा. चोळू नका. डोळे आले असतील तर टॉवेल आणि उशी वेगळी ठेवा. मध, तूप, दूध, काजळ काहीही डोळ्यात घालू नका.

पण उसाचं पातं डोळ्याला लागलं, तर ते घरी बरं करायचं दुखणं नव्हे. पात्यावरची बुरशी जखमेत शिरते आणि बुबुळ नासतं. गेल्या हंगामात एका भावाला मी घरात उरलेले थेंब दिले. त्यात स्टिरॉइड होतं. लाली उतरली, आम्ही देवाचे आभार मानले; आत मात्र जखम वाढत होती. शेवटी डोळ्यात फूल पडलं. चूक माझी, म्हणूनच आज बोलतो.

डोळा ठणकला, उजेड सोसेना, अंधुक दिसलं किंवा पांढरा ठिपका आला, तर त्याच दिवशी बारामती किंवा इंदापूरचं सरकारी रुग्णालय गाठा.

अंगावर उचल असताना खाडा परवडत नाही. म्हणून मंडळीला विनंती: त्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं आपण उचलू या. बार्तीमयाला गप्प करणारे पुष्कळ होते. प्रभू मात्र थांबला. आपणही थांबू या.