पडद्याचा पंचनामा



नभोवाणीवरून बोलणाऱ्याला आपला श्रोता दिसत नाहीं आणि श्रोत्यालाहि वक्ता दिसत नाहीं. दोघांचा सारा व्यवहार शब्दांवर चालतो. म्हणून येथें शब्द चुकला तर हावभावानें सांवरून घेण्याची सोय नसते. आजचा माझा विषय अशाच एका अडचणीचा आहे. फरक एवढाच कीं, त्यांतला श्रोता मनुष्य नसून यंत्र आहे.

संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या मंडळींच्या हाताखालीं अलीकडे कृत्रिम बुद्धीचे मदतनीस कामाला लागले आहेत. त्यांना ‘एजंट’ म्हणतात. ‘खेळांतला पोरगा उडी मारतांना भिंतींत अडकतो, तें दुरुस्त कर,’ असें सांगितलें कीं एजंट खेळाची आज्ञावली वाचतो, तींत फेरफार करतो आणि ‘काम झालें’ म्हणून कळवितो. परंतु पोरगा भिंतींतून खरोखर सुटला कीं नाहीं, हें त्यानें पाहिलेलें नसतें. त्याच्यापुढें असतो तो केवळ मजकूर. ही उणीव भरून काढण्यासाठीं त्याला पडद्याचें चित्र टिपणारें एक साधन देतात. तें साधन बनविणें फारसें अवघड नाहीं. अवघड आहे तें त्याचें माहितीपत्रक लिहिणें.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नांवाची एक सर्वांस खुली अशी पद्धति प्रसिद्ध केली. तीप्रमाणें प्रत्येक साधनाचें नांव, त्याचें वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावयाची याचा तक्ता एजंटापुढें ठेवला जातो. साधन केव्हां हातीं घ्यावें, हें एजंट बहुतांशीं त्या वर्णनावरूनच ठरवितो. माणसाला माहितीपत्रक अपुरें वाटलें तर तो शेजाऱ्याला विचारतो. एजंट मात्र पुष्कळदां अपुऱ्या ओळीचा अर्थ आपल्याच तर्कानें पुरा करतो आणि तो तर्क ठाम भाषेंत सांगतो. खरा धोका येथें आहे.

कांहीं उदाहरणें पाहूं. ‘गोडो’ हें खेळ रचण्याचें इंजिन २०१४ सालीं मुक्त परवान्याखालीं सर्वांस खुलें झालें. त्यांत पहिली चौकट रंगून होण्यापूर्वींच चित्र मागितलें, तर हातीं कांहींच येत नाहीं. रेखाटन संपल्याची खूण मिळेपर्यंत थांबावें लागतें. ‘युनिटी’ या दुसऱ्या इंजिनांतहि चौकटीच्या अखेरीची वाट पाहण्यास सांगितलेलें आहे. ही एक सूचना गाळली, तर एजंट कोरें चित्र पाहून खेळच बिघडला असें समजेल आणि नीट चाललेली आज्ञावली मोडून ठेवील. गोडो खिडकी न उघडतांहि चालवितां येतें. पण तेव्हां रेखाटनच होत नसल्यामुळें चित्र मिळत नाहीं. शिवाय ‘ओपनजीएल’ पद्धतींत चित्राच्या ओळी खालून वर वाचल्या जातात, तर बहुतेक चित्रांच्या फायलींत त्या वरून खालीं मांडलेल्या असतात. हें ध्यानांत न घेतल्यास आकाश पायांखालीं आणि जमीन डोक्यावर दिसूं लागते!

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. ‘डीपमाइंड’ या संस्थेच्या संशोधकांनीं अटारीचे जुने खेळ यंत्राला केवळ पडदा पाहून खेळावयास शिकविलें. त्यांचा २०१५ सालचा ‘नेचर’मधील लेख ४९ खेळांविषयीं आहे. १६० बाय २१० ठिपक्यांचा पडदा त्यांनीं ८४ बाय ८४ इतका लहान करून घेतला. परंतु एका चित्रावरून चेंडू वर चालला आहे कीं खालीं, हें कळत नाहीं. म्हणून एकामागून एक अशीं चार चित्रें एकत्र दाखवावीं लागलीं. त्या जुन्या यंत्राला एका वेळीं थोड्याच आकृति काढतां येत असल्यानें कांहीं आकृति एका चौकटींत दिसत व दुसरींत लोपत. त्यावर उपाय म्हणून लागोपाठच्या दोन चौकटींतील प्रत्येक ठिपक्याचें मोठें मूल्य घेण्यांत आलें. त्यापूर्वीं २०१३ सालच्या प्रयोगांत, दर चौथ्या चौकटीस पाहिल्यामुळें ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळांतले लुकलुकणारे मारक किरण यंत्राला दिसेचनात. तेथें दर तिसरी चौकट घ्यावी लागली.

तेव्हां चित्र साक्षीदार खरें, पण एका क्षणाचें. जें दिसलें नाहीं तें नाहींच, असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. आणि हें वाक्य माहितीपत्रकांत स्पष्टपणें लिहिलेलें असलें पाहिजे.

आपल्याकडे पंचनामा ही जुनी व परिचित वस्तु आहे. कोणत्या स्थळीं, किती वाजतां, कोणासमक्ष आणि काय दिसलें, एवढेंच त्यांत नोंदावयाचें. काय घडलें असावें याचा अंदाज नोंदावयाचा नसतो. चित्र टिपणाऱ्या साधनालाहि हीच शिस्त लावावी. प्रत्येक चित्राबरोबर चौकटीचा क्रमांक, खेळांतला प्रसंग, चित्राचा मूळ आकार आणि तें लहान केलें असल्यास तसा उल्लेख असावा. चित्र मिळालें नाहीं, तर कारण शब्दांत सांगावें. मागचें चित्र पुन्हा पुढें करूं नये. तसेंच केवळ खेळाची खिडकी टिपावी, सबंध पडदा नव्हे. कारण शेजारच्या खिडकींत कोणाचें खासगी पत्र उघडें असण्याचा संभव असतो.

इतका काटेकोरपणा एका खेळासाठीं कशाला, असें कोणी विचारील. परंतु ‘काम झालें’ या दोन शब्दांवर विसंबून एक मनुष्य रात्रीं निश्चिंतपणें घरीं जात असतो. ते शब्द पाहून उच्चारले कीं न पाहतां, हें त्याला कळण्याचा मार्ग या माहितीपत्रकाच्या चार ओळींतूनच जातो. त्या ओळी लिहिणाऱ्यानें आपला वाचक यंत्र आहे म्हणून हात आंखडता घेऊं नये. त्या यंत्राच्या पलीकडे एक माणूस उभा आहे, हें त्यानें सदैव लक्षांत ठेवावें.