हिरडा ओळखून घ्या



आषाढ सरत आलाय. पावसाची झड लागली की आम्हा वैद्यांच्या दवाखान्यात ठरलेलं गाऱ्हाणं सुरू होतं. भूक नाही, पोट जड, सकाळी साफ होत नाही. त्यात श्रावण तोंडावर आला. सोमवार, शनिवार, एकादशी, आणि उपवासाला काय, तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर तळलेले पापड. चोथा म्हणून पोटात फारसा जात नाही. पावसाळ्यात जाठराग्नी मंद असतो असं आयुर्वेद सांगतो आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याच्यावर सगळ्यात जड अन्न टाकतो. मग औषधांच्या दुकानातून चूर्णाची डबी घरात येते. त्या डबीत जे असायला हवं, त्या फळाविषयी, म्हणजे हिरड्याविषयी, मला आज बोलायचं आहे.

हिरडा आपल्या सह्याद्रीतला. भीमाशंकर, माळशेज घाट, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग, तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, या पट्ट्यात हिरड्याची मोठमोठी झाडं आहेत. कोवळी फळं पाऊस सुरू होण्याआधी, उन्हाळ्यात काढतात. आत बी धरलेली नसते. ही फळं कातळावर किंवा अंगणात उन्हात पसरतात आणि ती आकसून काळी कुळकुळीत झाली की बाळहिरडा तयार होतो. महादेव कोळी समाजातल्या कितीतरी घरांचा पावसाळ्यापूर्वीचा रोख पैसा या बाळहिरड्यातून येतो. उंच झाडावर चढायचं, फांदीवर तोल सांभाळायचा, खाली पडलेली फळं बायकापोरांनी वेचायची, वाळवताना वळवाचा पाऊस आला तर धावत जाऊन गोळा करायची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या भागावरून गेलं, तेव्हा घरांच्या छपरांबरोबर हिरड्याची झाडंही पडली. एक झाड पुन्हा फळाला यायला किती वर्षं जातात, हे ज्याच्या बांधावर ते झाड होतं त्यालाच विचारावं.

बाजारात हिरडा तीन नावांनी मिळतो. कोवळा तो बाळहिरडा. अर्धवट वाढलेला तो चांभारी हिरडा. कातडी कमावायला हाच लागतो, कारण त्यात टॅनिन भरपूर असतं. आणि पूर्ण पिकून वाळलेला, पिवळसर, जाड सालीचा तो सुरवारी हिरडा. औषधाला चांगला हिरडा कोणता, याची खूण भावप्रकाशात दिलेली आहे. सोळाव्या शतकातला हा ग्रंथ. नवा, स्निग्ध, घट्ट, गोल, वजनाला जड आणि पाण्यात टाकला की बुडणारा हिरडा उत्तम. ही परीक्षा तुम्ही घरी करू शकता. वाडगाभर पाणी घ्या, पाच-सहा हिरडे टाका. किडके, पोकळ हिरडे तरंगतात. तेवढे बाजूला काढा.

याच ग्रंथात एक बारकावा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. हिरडा चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर मळ बाहेर काढतो, वाफवून घेतला तर पातळ शौचाला आवर घालतो. फळ एकच, पण घ्यायची रीत बदलली की काम बदलतं. ऋतूप्रमाणे त्याची जोडही बदलते. पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. म्हणजे आत्ताच्या दिवसांत हिरड्याबरोबर चिमूटभर सैंधव. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी मात्र हे सैंधवही मीठच आहे, हे विसरू नये.

हिरड्याला बेहडा आणि आवळा यांची जोड दिली की त्रिफळा होतो. मोबाइलवर हल्ली एक मजकूर फिरतो, की खरा त्रिफळा एकास दोनास चार या प्रमाणात करायचा. शार्ङ्गधर या आयुर्वेदाच्या ग्रंथकारानं एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे असं सांगितलं आहे हे खरं. पण जाणकार वैद्य ते प्रमाण फळांच्या संख्येचं मानतात. हिरडा वजनाला भारी, बेहडा त्याहून हलका, वाळलेला आवळा सर्वांत हलका. त्यामुळे संख्या वेगळी असली तरी वजन साधारण सारखं भरतं. भारत सरकारच्या आयुर्वेदिक योगसंग्रहातही तिन्ही फळं समभाग घेतली आहेत. घरी करायचा असेल तर तिन्हींच्या बिया काढून साल वजनानं सारखी घ्या, कडक उन्हात वाळवा, कुटून वस्त्रगाळ करा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा. एकदम किलोभर करून ठेवू नका. चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरू लागतो, असं शार्ङ्गधरानंच लिहून ठेवलं आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर ते लवकर ओलं होतं. प्रौढ माणसाला रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, पुरतं. सुरुवात त्याच्याही निम्म्यानं करावी.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे आज बोलायला आले, ती सांगते. मागे माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ आले. पोटात मुरडा येतो, पायात गोळे येतात, थकवा जात नाही. औषध काय घेता विचारलं, तर म्हणाले, "काही नाही डॉक्टर, आयुर्वेदिक चूर्ण आहे, रोज रात्री घेतो. एक चमचा घ्यायचो, आता दोन लागतात. न घेतलं तर होतच नाही." मी म्हटलं, "काका, उद्या येताना ती डबी घेऊन या." त्यांनी आणली. झाकणावर हिरड्या-आवळ्याचं चित्र होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले होते. पहिलंच नाव सोनामुखीचं, आणि सर्वांत जास्त वजनही तिचंच. हिरडा खाली चौथ्या ओळीत, नावापुरता.

सोनामुखी वाईट नाही. तीही आपल्या औषधांतलीच आहे आणि गरजेच्या वेळी उत्तम काम करते. पण ती आतड्याला डिवचून हलायला लावते. ती एक-दोन आठवड्यांच्या वर सलग घेऊ नये, हे आधुनिक औषधशास्त्रही सांगतं. महिनोन्‌महिने घेतली तर पोटात कळा येतात, शौचावाटे पाण्याबरोबर पोटॅशियम निघून जातं, अंगात त्राण उरत नाही. त्या काकांचं चूर्ण हळूहळू कमी करत बंद केलं, तेव्हा काही आठवडे त्यांना त्रास झाला. आहार बदलला, सकाळची वेळ पाळायला लावली, तेव्हा पोट आपल्या चालीनं चालू लागलं. आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, या एका समजुतीनं माणसं असं स्वतःचं नुकसान करून घेतात, आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

त्रिफळा सोनामुखीपेक्षा सौम्य आहे, पण तोही सर्वांसाठी नाही. गर्भवतीनं हिरडा घेऊ नये. फार कृश, थकलेल्या, उपवासानं क्षीण झालेल्या आणि पित्त वाढलेल्या माणसालाही ग्रंथकारांनी तो वर्ज्य सांगितला आहे. म्हणजे निर्जळी एकादशी करून रात्री त्रिफळा घ्यायचा, हे शास्त्राला धरून नाही. रक्तवाढीच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावं. हिरड्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही. गोळी सकाळी घेत असाल तर त्रिफळा रात्रीच ठेवा. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. आणि घरात तान्हं बाळ असेल तर सहाणेवर बाळहिरडा, वेखंड, मुरडशेंग उगाळून घुटी देण्याची आजीची हौस मी समजू शकते, पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरं काहीही नको.

त्रिफळ्यावर आधुनिक पद्धतीचे अभ्यास झाले आहेत. त्यांतले बरेच लहान आहेत, तरी बद्धकोष्ठावर उपयोग होतो असं त्यांतून दिसतं. मोठे अभ्यास व्हायला हवेत आणि ते आपल्याकडेच व्हायला हवेत.

पण पोट बिघडतं कुठे, ते आधी पाहायला हवं. चरकसंहितेत सूत्रस्थानातला सातवा अध्याय निसर्गाच्या हाका दाबू नयेत याच विषयावर आहे. पहाटेची लोकल गाठायची म्हणून दाबून निघणारा नोकरदार, शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून दुपारपर्यंत कळ काढणारी मुलगी, उजाडायच्या आत उरकायचं किंवा अंधार पडेपर्यंत थांबायचं अशी सवय लागलेल्या बायका, यांना कोणतं चूर्ण पुरणार? रोज तीच हाक मोडून काढली की ती येईनाशी होते. शाळेत वापरण्याजोगं स्वच्छतागृह असणं हा माझ्या लेखी पोटावरचा पहिला उपाय आहे. दुसरा उपाय ताटातला. ज्वारीची भाकरी, सालीसकट मूग, पालेभाजी, कोशिंबीर, पुरेसं पाणी. सकाळी उठल्यावर कोमट पाणी प्या आणि दहा मिनिटं घाई न करता बसा. हे सगळं करून मग त्रिफळा घेतला तर त्याचा गुण येतो.

शौचावाटे रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल, किंवा पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर घरचा उपाय करत बसू नका. तपासणी करून घ्या.

आणि आज रात्री एवढं करा. घरात चूर्णाची डबी असेल तर ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर नातवाला वाचायला लावा. सोनामुखीचं नाव दिसलं आणि तुम्ही ते रोज घेत असाल, तर मनानं एकदम बंद करू नका, पण ती डबी घेऊन या आठवड्यात आपल्या वैद्यांना किंवा डॉक्टरांना दाखवा.